मदतनिधी कॉन्सर्ट: मंच झकास, पण आधी नळजोडणी तपासा

कुठे दुष्काळ पडला, भूकंप झाला, वादळाने वस्त्या धुऊन नेल्या की मनोरंजनाच्या दुनियेतून एक ठरलेली सेवा हजर होते. आठवड्या-दोन आठवड्यांत बडे गायक एका मंचावर येतात, वाहिन्या वेळ मोकळा करतात, पडद्याच्या तळाशी फोन नंबर नाहीतर क्यूआर कोड झळकू लागतो आणि रात्र संपता संपता एक गलेलठ्ठ आकडा जाहीर होतो. ही सेवा आता पन्नास वर्षांहून जुनी आहे. तिच्या आवृत्त्या बदलल्या, दुरुस्त्याही झाल्या. काही दोष मात्र पहिल्या दिवसापासून तसेच आहेत.

तिचे ग्राहक दोन. एक घरी बसून पैसे देणारा, दुसरा ज्याच्या नावाने ते गोळा होतात तो. छापून येणारी परीक्षणं पहिल्याच्या बाजूचीच असतात: कोण सुरात होतं, कोणाचा माइक बंद पडला. दुसऱ्याला याच्याशी काही देणंघेणं नसतं. धान्य, तंबू, औषध हातात कधी पडलं, एवढंच त्याला कळतं. इथे गुण देताना दोघांनाही धरलं आहे, आणि दोघांचे गुण फार क्वचित जुळतात.

पहिली मोठी आवृत्ती 1 ऑगस्ट 1971 ची. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, दुपारचा एक आणि रात्रीचा एक असे दोन खेळ, मिळून सुमारे 40 हजार श्रोते. पंडित रविशंकरांनी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनकडे विषय काढला तो पूर्व बंगालच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, निर्वासितांचा. नोव्हेंबर 1970 चं भीषण चक्रीवादळ, त्यावर मार्च 1971 पासूनची लष्करी कारवाई, आणि सीमा ओलांडून भारतात येणारे लोंढे. सगळी जुळवाजुळव काही आठवड्यांतली. कलाकारांनी मानधन घेतलं नाही. सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती यांनी केली. वाद्यं जुळवून होताच टाळ्यांचा कडकडाट झाला, तेव्हा जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल, असं रविशंकरांनी मिश्कीलपणे सांगितलं. कार्यक्रम म्हणून पाचपैकी पाच.

तिकिटांचे 2,43,418 डॉलर 50 सेंट युनिसेफला गेले. इथवर सुरळीत. घोड्याने पेंड खाल्ली ती पुढे. खरा पैसा तिकिटांत नव्हताच, तो तीन तबकड्यांच्या रेकॉर्डसंचात आणि 1972 च्या चित्रपटात होता. ऑगस्टात ध्वनिमुद्रित झालेला संच कोणती कंपनी विकणार आणि कोणाचा हिस्सा किती, या घासाघिशीत बाजारात यायला डिसेंबर उजाडला. त्यानंतर कर. कार्यक्रम जाहीर होण्याआधी करमाफीची कागदपत्रं झालेली नव्हती, आणि कार्यक्रम एखाद्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या नावाने भरवलेला नव्हता. अमेरिकी करखात्याने नेमकं तेच धरलं आणि मोठी रक्कम वर्षानुवर्षं अडकून पडली. ब्रिटनमध्ये सरकारने विक्रीवरचा कर सोडायला नकार दिला आणि हॅरिसनने पुढे 10 लाख पौंडांचा धनादेश स्वतः लिहून दिला. सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलर बांगलादेशासाठी पोहोचल्याची बातमी वर्तमानपत्रात आली ती 1985 मध्ये. ज्या निर्वासितांसाठी ही सगळी धडपड होती, ते बहुतेक जण 1972 मध्येच आपल्या देशात परतले होते.

म्हणून आयोजकांसाठी पहिली सूचना, आणि हीच सगळ्यांत महत्त्वाची: क्रम उलटा करू नका. आधी पैसे स्वीकारणारी नोंदणीकृत संस्था ठरवा आणि तिच्या नावाने स्वतंत्र खातं उघडा. ज्या ज्या देशात तिकीट, रेकॉर्ड किंवा प्रक्षेपणाचे हक्क विकले जाणार आहेत, तिथल्या कराचं लेखी उत्तर घ्या. ध्वनिमुद्रणाचे हक्क कोणाकडे राहतील, छपाई, वितरण आणि दुकानदाराचा वाटा कोण सोडणार आणि किती, यावर सह्या घ्या. मग कलाकारांना फोन करा. प्रत्यक्षात उत्साहाच्या भरात कलाकारांना पहिला फोन जातो, तारीख जाहीर होते आणि वकील शेवटी बोलावला जातो. आपत्ती ताजी असताना कागद रंगवत बसणं निर्दय वाटतं हे खरं. पण कागदाला लागणारे चार दिवस वाचवले की ते पुढे वर्षांच्या भावाने वसूल होतात.

कराची ही ठेच पुढच्यांच्या कामी आली. नोव्हेंबर 1984 मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी लंडनमध्ये बँड एड या नावाने जमलेल्या गायकांच्या, एका दिवसात मुद्रित झालेल्या रेकॉर्डवरही ब्रिटिश सरकार मूल्यवर्धित कर सोडायला तयार नव्हतं. या वेळी रेकॉर्डचा कर्ताधर्ता, गायक बॉब गेल्डॉफने गप्प बसून धनादेश फाडला नाही, जाहीर बोंब मारली. सरकारने कर घेतला आणि तेवढीच रक्कम मदतनिधीला परत दिली. तांत्रिकदृष्ट्या करमाफी नाहीच, परिणाम तोच. बोंब मारण्याची कला हा या सेवेचा दुय्यम पण उपयुक्त भाग आहे.

आता 13 जुलै 1985. त्याच दुष्काळासाठीचा लाइव्ह एड. लंडनचं वेम्बली आणि फिलाडेल्फियाचं जेएफके स्टेडियम, दोन्ही मिळून सुमारे 16 तास. वेम्बलीत 72 हजार लोक. मंचामागची यंत्रणा शिकण्यासारखी आहे. एकामागून एक बँड, प्रत्येकाला जेमतेम वीस मिनिटं. हे जमवायला वेम्बलीत फिरता मंच केला होता, त्याचे तीन भाग: एकावर गाणं चालू, दुसऱ्यावर पुढच्या बँडची मांडणी, तिसऱ्यावर आधीच्या बँडची आवराआवर. वेळ दाखवायला रस्त्यावरच्या सिग्नलसारखे दिवे. पिवळा लागला की आवरतं घ्या, लाल लागला की संपवा.

या वेगाची किंमत असते. नीट साउंडचेक होत नाही, फक्त लाइन चेक होतो, म्हणजे प्रत्येक तारेतून आवाज येतो की नाही एवढंच पाहतात. एखादी जोडणी चुकली तर ती पहिल्या ओळीला कळते. पॉल मॅकार्टनी पियानोवर बसला आणि गाण्याची पहिली सुमारे दोन मिनिटं त्याचा माइक मुकाच होता. प्रेक्षकांनीच ओढून नेलं. फिलाडेल्फियात लेड झेपेलिन वर्षांनंतर एकत्र आले ते जवळपास तालमीविना. ढोलांवर दोघे, त्यातला एक, फिल कॉलिन्स, त्याच दिवशी वेम्बलीत गाऊन कॉंकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडून आलेला. आवाज बसलेला, गिटार बेसूर. उलट क्वीन बँडने आधी लंडनच्या एका नाट्यगृहात घड्याळ लावून तालमी केल्या, गाणी कापून छोटी केली आणि वीस-एकवीस मिनिटांत आटोपशीर मांडली. आजही त्या दिवसाचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचं निघतं. यू2 ने ठरवली होती तीन गाणी. गायक मंचावरून खाली उतरून गर्दीतल्या मुलीबरोबर नाचायला गेला, दुसरं गाणं बारा मिनिटांवर ताणलं आणि तिसरं, त्यांचं सगळ्यांत गाजलेलं, गेलंच. तरी त्या बारा मिनिटांनी त्यांचं भलं केलं. पण हा अपवाद. आयोजकाने यावर भिस्त ठेवू नये.

पैशाचं काय? इथे एक गोष्ट मनोरंजनवाल्यांच्या पचनी पडत नाही. गाण्याने लोक टीव्हीसमोर बसतात, पण खिशात हात जातो तो दुसऱ्याच गोष्टींनी. वेम्बलीचा कार्यक्रम सुरू होऊन जवळपास सात तास झाले तेव्हा जमलेली रक्कम साधारण 12 लाख पौंड होती. एवढ्या मोठ्या जत्रेच्या मानाने हा आकडा किरकोळच. ते ऐकून गेल्डॉफ भडकला आणि बीबीसीच्या स्टुडिओत बसून, पत्ता वगैरे राहू द्या, आधी पैसे द्या, या सुरात त्याने शिव्यांसकट सुनावलं. त्यानंतर देणग्यांचा ओघ एकदम वाढला. दुसरा धक्का डेव्हिड बोवीच्या कार्यक्रमाचा. त्याने आपलं एक गाणं सोडलं आणि तो वेळ कॅनडाच्या सीबीसीने इथिओपियात टिपलेल्या दृश्यांच्या फितीला दिला. मरणाच्या दारातली मुलं, वर एक गाणं, निवेदन काही नाही. फोन पुन्हा खणखणले. दिवसभरात नावाजलेल्या गायकांनी जे केलं नाही ते एका संतापाने आणि एका फितीने केलं.

त्याची कारणं साधी आहेत. गाणं चालू असताना माणूस फोनकडे जात नाही, त्याला गाणं ऐकायचं असतं. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदकाने सैलसर आवाहन केलं तर तो चहा करायला उठतो. आवाहनाला आपली स्वतंत्र, मोकळी मिनिटं हवीत. त्यात तीनच गोष्टी हव्यात: कशासाठी, किती, कसं. आणि तो क्रम दर वीस-पंचवीस मिनिटांनी फिरून यायला हवा, कारण मधे येऊन बसलेल्या प्रेक्षकाने आधीचं ऐकलेलं नसतं. मोठ्या कार्यक्रमात हे राहून जातं, कारण कार्यक्रमाचा मिनिटवार क्रम बनवणारा माणूस मंचाचा असतो. देणगीच्या बाजूचा कोणी त्या टेबलावर बसलेलाच नसतो.

फोनवर मिळतो तो शब्द. रक्कम खात्यात येते ती नंतर, आणि दोन आकड्यांत नेहमी फट राहते. काही जण क्रमांक चुकीचा सांगतात, काही सकाळी विचार बदलतात. रात्री पडद्यावर फिरणारा आकडा वाचताना तो शब्दांचा आहे की जमा रकमेचा हे पाहावं. प्रामाणिक आयोजक दोन्ही वेगवेगळे सांगतो. मोबाइल संदेशातून देणगी हा प्रकार 2010 च्या हैती भूकंपात जोरात चालला. अमेरिकेत रेडक्रॉसला 10 डॉलरच्या संदेशांतून 3 कोटी डॉलरहून अधिक मिळाले. बोटाच्या एका हालचालीत काम होतं, म्हणून लोक देतात. मात्र रक्कम फोनच्या बिलातून वसूल होते आणि कंपनीमार्फत संस्थेकडे जाते, त्यामुळे एरवी तिला आठवडे-महिने लागू शकतात. हैतीच्या वेळी काही कंपन्यांनी ती आगाऊ दिली. पुढच्या आपत्तीत त्या तसंच करतील हे गृहीत धरू नये.

डिलिव्हरी. परीक्षण म्हणून हाच भाग सर्वांत महत्त्वाचा आणि टीव्हीवर सर्वांत न दिसणारा. पैसा आला म्हणजे धान्य पोहोचलं असं होत नाही. 1985 मध्ये सुदानच्या बाजूला धान्य होतं, बंदरही होतं, पण आतल्या भागात नेणाऱ्या मालमोटारी मोजक्या मालकांच्या हातात होत्या आणि भाव तेच ठरवत. बँड एड ट्रस्टने गाड्याच विकत घेतल्या, जहाजंही भाड्याने घेतली. गाणं म्हणणाऱ्यांनी मालमोटारींचा ताफा पाळायचा म्हणजे जरा गमतीचंच, पण निर्णय बरोबर होता. टायर, सुटे भाग, डिझेल, चालकांचा पगार हे खर्च मंचावरून सांगायला कोणालाच आवडत नाहीत. देणगीदाराला पोतं डोळ्यांसमोर यावं असं वाटतं, टायर नाही. पण दुष्काळात पोतं बहुधा कुठेतरी पडलेलंच असतं, अडतं ते चाक.

दुसरी अडचण युद्धाची. इथिओपियाचा दुष्काळ निव्वळ पावसाचा नव्हता, तिथे यादवी चालू होती आणि सरकार लोकांना जबरदस्तीने दूर वसवत होतं. अशा जागी मदत ही एका बाजूच्या हातात जातेच, प्रश्न किती जाते एवढाच. 2010 मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमातून अशी समजूत झाली की बँड एडचा पैसा शस्त्रांकडे वळला, आणि त्याच वर्षी बीबीसीला त्याबद्दल माफी मागावी लागली. आरोप खोडायला पंचवीस वर्षांपूर्वीचे हिशेब हाताशी असावे लागतात. तेव्हा पावत्या टाकून देऊ नयेत.

पैसे कोणाला द्यायचे, यात स्टारचा स्वतःचा ट्रस्ट निवडायचा मोह टाळावा. 2010 च्या हैतीसाठीच्या मोठ्या टीव्ही कार्यक्रमाने जमा झालेले पैसे ज्या संस्थांत वाटले, त्यात रेडक्रॉस आणि युनिसेफच्या बरोबरीने एका गायकाने स्थापलेली येले हैती ही संस्थाही होती. खर्चाबद्दल चौकशी सुरू असताना ती 2012 मध्ये बंद पडली. छोट्या संस्थेला अचानक मोठी रक्कम मिळाली की तिच्याकडे हिशेबनीस, गोदाम आणि खरेदीची पद्धत यांपैकी काहीच नसतं. हेतू चांगला असला तरी पोट फुगतं.

उरलेल्या पैशाचं कलमही आधीच लिहावं. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकन रेडक्रॉसने लिबर्टी फंड काढला आणि त्यातला काही भाग पुढच्या आपत्तींसाठी राखून ठेवायचं ठरवलं. देणाऱ्यांनी दिले होते ते त्या हल्ल्यात होरपळलेल्यांसाठी. एवढा गदारोळ झाला की संस्थेला नोव्हेंबरमध्ये माघार घेऊन सगळे पैसे त्याच कामासाठी ठेवावे लागले. राखीव ठेवण्यात गैर काहीच नव्हतं. फोन उचलताना ते सांगितलं नव्हतं, एवढीच चूक.

सूर आणि शोभा या बाबतीत 21 सप्टेंबर 2001 चा कार्यक्रम अजूनही सर्वांत वर ठेवावा लागतो. हल्ल्यानंतर दहा दिवस. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन अशा ठिकाणचे स्टुडिओ, समोर प्रेक्षक नाहीत, मेणबत्त्या, जाहिराती नाहीत, कोण गातंय याची ओळखही नाही. तीसहून अधिक वाहिन्यांवर एकाच वेळी. फोन उचलायला नट-नट्या बसलेल्या. टाळ्या नसल्याने एका अवघड प्रश्नातून सुटका होते: शोकसभेत टाळी वाजवायची की नाही. त्या आठवड्यात रेडिओ केंद्रांच्या एका मोठ्या साखळीत टाळण्याजोग्या गाण्यांची लांबलचक यादी फिरत होती. त्यातलंच एक गाणं नील यंग इथे गायला, आणि ते कोणाला खटकलं नाही. यादी करणाऱ्यांनी शब्द पाहिले होते. लोक गाणं ऐकतात ते कोण, कुठे, कशासाठी गातंय यासकट.

याच्या दुसऱ्या टोकाला लाइव्ह प्रक्षेपणाचा धोका. 2 सप्टेंबर 2005 ला कतरिना वादळासाठीच्या एनबीसी वाहिनीच्या कार्यक्रमात रॅपर कान्ये वेस्टने लिहून दिलेली वाक्यं बाजूला ठेवली आणि राष्ट्राध्यक्षांना कृष्णवर्णीयांची पर्वा नाही, असं सरळ सांगून टाकलं. शेजारी उभा असलेला नट नुसता बघत राहिला. प्रक्षेपणाला काही सेकंदांचा विलंब ठेवला होता, पण बटणावर बसलेल्या माणसाला शिवीवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. यात शिवी नव्हती, म्हणून ते गेलं. पश्चिम किनाऱ्यावर उशिरा दाखवलेल्या प्रतीतून मात्र ते वगळलं. तांत्रिक धडा असा की विलंब किती सेकंदांचा हे दुय्यम, बटणावरच्या माणसाला काय सांगितलंय ते महत्त्वाचं. बाकी आमचं मत विचाराल तर त्या रात्रीतलं आज आठवणारं एकमेव वाक्य तेच आहे.

4 जून 2017 चं मँचेस्टर हे या सेवेचं आटोपशीर, नेटकं रूप. 22 मे रोजी एका मैफलीनंतर झालेल्या बॉम्बस्फोटात 22 जणांचा जीव गेला. तेराव्या दिवशी तीच गायिका, आरियाना ग्रांदे, ओल्ड ट्रॅफर्डच्या क्रिकेट मैदानावर पुन्हा उभी राहिली. पैसा कुठे जाणार हे आधीच ठरलेलं होतं: रेडक्रॉसबरोबर चालणारा शहराचा निधी. आपत्ती एका शहरापुरती, लाभार्थी माहीत असलेले, खातं तयार. म्हणून कार्यक्रमानंतरच्या बारा तासांत रेडक्रॉसला 1 कोटी पौंडांहून अधिक आल्याचं जाहीर करता आलं. त्रास झाला तो तिकिटांचा. स्फोटाच्या रात्री हजर असलेल्यांना मोफत प्रवेश होता, आणि तिथे नसलेल्या 10 हजारांहून अधिक लोकांनी तो मागितला. उपाय किचकट नाही. जुन्या तिकिटाची नोंद खरेदीदाराच्या खात्याशी ताडून पाहायची, आणि मोफत तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येणार नाही असं करायचं. वेळ मात्र हाताशी ठेवावा लागतो. पुनर्विक्रीची संकेतस्थळंही आधीच कळवून बंद करून घ्यावी लागतात. 2005 च्या लाइव्ह 8 ला फुकट सोडतीची तिकिटं लिलावाच्या संकेतस्थळावर चढली आणि आरडाओरड झाल्यावरच उतरली.

लाइव्ह 8 चा उल्लेख आलाच आहे तर: ते या सेवेत मोडत नाही, फक्त तसं दिसतं. 2 जुलै 2005, अनेक शहरं, पण देणगी मागितलीच नाही. दबाव आणायचा होता स्कॉटलंडमध्ये जमणाऱ्या आठ देशांच्या प्रमुखांवर. लंडनच्या मंचावर आफ्रिकी कलाकार जवळजवळ नाहीत हे लक्षात आल्यावर त्यांच्यासाठी त्याच दिवशी कॉर्नवॉलच्या ईडन प्रोजेक्टमध्ये वेगळा मंच उभारला गेला. आफ्रिकेसाठीचा कार्यक्रम, आणि आफ्रिका शहराबाहेर! हे दुखणं जुनं आहे. 2014 मध्ये त्याच 1984 च्या गाण्याची इबोलासाठी नवी आवृत्ती निघाली, तेव्हा घानाचा वारसा असलेला गायक फ्यूज ओडीजी शब्द वाचून बाहेर पडला. सगळा खंड म्हणजे मरण आणि काळोख, असं चित्र त्याला मान्य नव्हतं. दयेचं चित्र रंगवून एकदा पैसे मिळतात, पण त्या चित्राची किंमत पुढे पर्यटन आणि व्यापार यांतून तेच लोक मोजतात.

18 एप्रिल 2020 ची घरोघरची आवृत्ती वेगळ्याच कारणाने पाहण्यासारखी. महासाथीत मंच नाही, गर्दी नाही. प्रत्येक कलाकार आपापल्या घरून. इथे बऱ्याच जणांची एक चुकीची समजूत असते: सगळे व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवतात. ते जमत नाही. दोन वादकांमध्ये आवाज पोहोचायला साधारण 25-30 मिलिसेकंदांहून जास्त लागले की ताल सुटू लागतो, आणि साध्या व्हिडिओ कॉलला त्याच्या कितीतरी पट लागतात. म्हणून ठराविक लयीचा टिकटिक ट्रॅक कानात घेऊन प्रत्येकाने वेगळं मुद्रण करायचं आणि नंतर ते जोडायचं. रोलिंग स्टोन्सचे चौघे चार घरांत दिसले. ढोलवादक चार्ली वॉट्स समोर ढोल नसताना पेट्यांवर आणि सोफ्यावर काठ्या आपटत होता, चेहरा नेहमीसारखाच निर्विकार. सगळ्या संध्याकाळीतला सर्वांत मनमोकळा क्षण तोच. पैशाची रचनाही उलटी होती. प्रेक्षकाकडे हात पसरलेच नाहीत, कंपन्या आणि बडे दाते यांच्याकडून सुमारे 12 कोटी 80 लाख डॉलरची वचनं घेतली. ज्यांची नोकरी नुकतीच गेली होती अशांना पैसे मागणं शोभलं नसतं, त्यामुळे निर्णय शहाणपणाचा. पण मग गाण्याचं काम काय उरलं? दात्यांचे आभार आणि घरी अडकलेल्यांना सोबत. सोबत हीही सेवाच आहे, फक्त ती मदतनिधीच्या हिशेबात धरू नये.

एकत्र येऊन एकच गाणं मुद्रित करण्याचा स्वस्त प्रकार थोडक्यात. 28 जानेवारी 1985 ला हॉलिवूडमध्ये चाळीसहून अधिक गायकांनी एका रात्रीत काम उरकलं, आणि अहंकार दाराबाहेर ठेवा अशी पाटी निर्माता क्विन्सी जोन्सने लावली होती. खर्च कमी, अपघात कमी, विक्री प्रचंड. तबकडी विकली जायची तोवर हे उत्तम चाललं. आता एका ऐकण्यामागे मिळणारी रक्कम इतकी बारीक असते की त्या मार्गाने नाव होईल, निधी नाही.

देणाऱ्याने काय पाहावं? पडद्यावर संस्थेचं पूर्ण नाव आहे का. नुसतं "पीडितांसाठी" असेल तर थांबा. कार्यक्रमाचा खर्च कोण उचलतंय हे सांगितलंय का. मंच, वीज, विमा, सुरक्षा आणि तंत्रज्ञांचा पगार हे फुकट होत नाहीत, आणि तंत्रज्ञांकडून ते फुकट मागूही नयेत. स्टारला प्रसिद्धी मिळते, केबल ओढणाऱ्याला काय मिळणार? पावती लगेच येते का, आणि पहिला हिशेब कोणत्या तारखेला येणार हे जाहीर आहे का. मोठी आपत्ती आली की मिळत्याजुळत्या नावांची खोटी संकेतस्थळंही भराभर उगवतात. आलेल्या दुव्यावर बोट न ठेवता पत्ता स्वतः टाइप करणं बरं. आणि घाई नसेल तर शंभरातले साठ आज, चाळीस तीन महिन्यांनी. तेव्हा कॅमेरे गेलेले असतात, घरं बांधायची राहिलेली असतात.

एकूण गुण: लक्ष वेधण्याला पाचपैकी पाच, पैसा गोळा करण्याला चार, सुराला तीन ते पाच, कोण चालवतंय त्यावर. पोहोचवण्याला अडीच, तेही मँचेस्टरमुळे वर गेलेले.

घरी ठेवण्याजोग्या प्रती हव्या असतील तर दोन आहेत. लाइव्ह एडचा चार तबकड्यांचा डीव्हीडी संच 2004 चा. तो पूर्ण नाही. हा कार्यक्रम एकदाच दिसेल, असं कलाकारांना सांगितलं गेलं होतं, त्यामुळे जपून ठेवण्याचा विचार कोणी फारसा केला नाही, आणि अमेरिकेतल्या एबीसीच्या फिती पुसल्या गेल्या. जे हाती लागलं त्यातून संच बांधला आहे. लेड झेपेलिनने आपला भाग द्यायला नकार दिला, ऐकलंत तर त्यांना दोष देणार नाही. न्यूयॉर्कच्या 1971 च्या मैफलीचा संच 2005 चा, दोन तबकड्यांचा, चित्र आणि आवाज दोन्ही साफ केलेले. रविशंकर-अली अकबरांचा भाग हेडफोनवर ऐका, अल्लारखांचा बायाँ, म्हणजे तबल्याचा डग्गा, छोट्या स्पीकरवर हरवतो. या संचाचं उत्पन्न हॅरिसनच्या नावाने युनिसेफकडे असलेल्या निधीत जातं. या वेळी खातं विक्रीच्या आधी तयार होतं.